वॉर्डबॉय, हाउसकीपिंग आणि पँट्री एकाच माणसाकडं द्यायचं म्हणतायत, कुणी करून बघितलंय का?

सांगलीकर_८२

नमस्कार मंडळी. मी एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात फॅसिलिटी बघतो, नाव-गाव राहू दे. १२० बेड, त्यात २४-२४ चे चार वॉर्ड, १२ चा आयसीयू आणि वर १२ स्पेशल रूम. माझ्याकडं हाउसकीपिंगला २६ माणसं, वॉर्डबॉय आणि मावश्या मिळून २२, पँट्रीत (पेशंटचं जेवण-नाष्टा बघणारे) १०, म्हणजे ५८. हाउसकीपिंग एका कॉन्ट्रॅक्टरकडं, पँट्री दुसऱ्याकडं, वॉर्डबॉय-मावश्या निम्म्या आमच्या रोलवर, म्हणजे हॉस्पिटलच्याच पगारावर, आणि निम्म्या कंत्राटी.

आता नवीन सीओओ (हॉस्पिटलचा रोजचा कारभार बघणारे मोठे साहेब) आलेत, मोठ्या शहरातून, त्यांनी मीटिंगला पीपीटी दाखवली, 'मल्टिस्किल्ड सपोर्ट स्टाफ'. प्रत्येक वॉर्डला ठरलेली माणसं, तीच लादी पुसणार, तीच ताट देणार, तीच पेशंटला एक्सरेला नेणार, डिस्चार्ज झाला की बेड तीच लावणार, आणि शेवटच्या स्लाइडला बारीक अक्षरात होतं की ट्यूबलाइट बदलणं, नळाचा वॉशर वगैरे किरकोळ मेंटेनन्सपण तीच करणार. ५८ ची ४२ होतील म्हणे.

मी मीटिंगला विरोध करायच्या तयारीनं गेलो होतो पण तोंड उघडलं नाही, कारण मागच्याच महिन्यात झालेलं डोक्यात होतं. पुरुष मेडिकल वॉर्डात नाष्ट्याच्या वेळी ९ नंबरच्या काकांच्या हातून पेज सांडली, ९ आणि १० च्या बेडमधे. पँट्रीचा पोरगा म्हणाला मी ट्रे देणार, पुसायचं काम हाउसकीपिंगचं. हाउसकीपिंगची बाई त्या वेळेला आयसीयूत, तिचा वॉर्डातला राउंड ७ ला झालेला आणि पुढचा ११ ला. वॉर्डबॉयनं त्याच्यावर पेपर टाकला, चक्क कालचा पेपर, आणि दुसऱ्या पेशंटला घेऊन सोनोग्राफीला गेला. सिस्टर औषधं देत होत्या. नंतर मी कॅमेरा बघितला तर ३८ मिनिटं ती पेज तशीच, आणि मग १० नंबरचे आजोबा बाथरूमला म्हणून उठले, त्या पेपरवर पाय पडला, मनगट मोडलं. आमच्या इन्सिडंट फॉर्मला 'जबाबदार विभाग' असा रकाना आहे, तिघांकडून वेगवेगळे फॉर्म भरून घेतले तर प्रत्येकानं दुसऱ्याचा विभाग लिहिलेला.

मग मला वाटायला लागलं की सीओओ सगळंच चुकीचं बोलत नाहीत. पण १६ माणसं कमी करून हे कसं होणार ते कळत नाही, आणि संडास धुणारा माणूस ताट देणार हे ऐकून आमच्या मेट्रन, म्हणजे सगळ्या सिस्टरांच्या प्रमुख, उठूनच गेल्या. कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर सांगा. पुढच्या १५ तारखेला मला उत्तर द्यायचंय.

तिरकस_तात्या

ट्यूबलाइट पण बदलायची, ताट पण द्यायचं, पेशंट पण ढकलायचा. ऑपरेशन तेवढं डॉक्टर स्वतः करणारेत की तेपण शिकवणार?

आयसीएन_ताई

तात्या, हसा, पण एक-दोन ठिकाणी हे असं चाललेलं मी बघितलंय 🙂

सांगलीकर दादा, मी इन्फेक्शन कंट्रोल नर्स आहे, ९ वर्षं वॉर्ड केला आणि आता ५ वर्षं हेच. आधी तुमच्या सीओओंचा आकडा घ्या, बाकी सगळं नंतर. एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायची तर आठवड्याला २१ शिफ्ट होतात. एक माणूस करतो ६. म्हणजे साडेतीन माणसं, त्यात रजा, सणवार, आजारपण, गावाकडची जत्रा हे सगळं धरलं की चार. ४२ ला ४ नं भागा, साडेदहा येतात. चार वॉर्डांना चार, आयसीयू एक, ओटी (ऑपरेशन थिएटर) एक, कॅज्युअल्टी एक, स्पेशल रूम एक, ओपीडी आणि बाहेरचे संडास एक, कचरा आणि लिनन गोळा करायला एक. झाले दहा. म्हणजे सकाळी ९ ला, जेव्हा राउंड, नाष्टा, डिस्चार्ज, एक्सरे सगळं एकदम असतं, तेव्हा २४ पेशंटच्या वॉर्डात तुमचा हा मल्टिस्किलवाला एकटा. तो सोनोग्राफीला गेला की पेज पुसायला परत कुणीच नाही, आणि या वेळी दोष द्यायला दुसरा विभागपण नाही. रात्रीची माणसं कमी करून सकाळी जास्त देता येतील, ते करावंच लागेल, पण ते गणित त्यांच्या पीपीटीत आहे का ते विचारा.

आता संडास आणि ताट. मेट्रन उठून गेल्या ते मी समजू शकते पण खरं सांगायचं तर एकाच माणसाला दोन्ही कामं यावीत याला इन्फेक्शन कंट्रोलची हरकत नाही, हरकत आहे एकाच शिफ्टमधे दोन्ही करायला. आमच्याकडे आम्ही जोडी केली. सकाळी वॉर्डात दोघं. एक स्वच्छ बाजूला, म्हणजे ताट, पाणी, बेड लावणं, धुतलेलं लिनन, पेशंट शिफ्टिंग. दुसरा लादी, संडास, बेडपॅन, कचरा. दोघांना सगळं येतं, पण त्या दिवशी बाजू एकच, आणि बदल दुसऱ्या दिवशी आंघोळ करून आल्यावर. शिफ्टच्या मधे नाही म्हणजे नाही, सिस्टरनं सांगितलं तरी नाही. टॉपचा रंग वेगळा ठेवला, त्यामुळे लांबून कळतं कोण कुठल्या बाजूला आहे. पेज सांडली तर जवळचा पुसतो, त्याला बाजू नाही, प्रत्येक वॉर्डात एक सुका मॉप आणि 'ओली लादी'चा बोर्ड दाराशीच टांगलेला असतो.

फक्त सगळं येणं म्हणजे काय ते लिहून काढा. दोन तासांचं लेक्चर आणि सही घेतली की ट्रेनिंग झालं असं समजतात लोक. मी उदाहरण देते. रक्त सांडलं तर १ टक्का हायपो (जंतू मारायचं ब्लीचचं द्रावण) वापरायचं हे सगळे पोपटासारखं सांगतात, पण कॅनवर काय लिहिलंय ते बघत नाहीत. ५ टक्क्याचं असेल तर एक भाग हायपो आणि चार भाग पाणी, १० टक्क्याचं असेल तर एकाला नऊ. आमच्या स्टोअरनं ब्रँड बदलला आणि महिनाभर मुली जुन्याच मापानं करत होत्या, लाद्यांचे रंग उडाले तेव्हा कळलं. सकाळी केलेलं दुसऱ्या दिवशी वापरायचं नाही. आणि संडासाच्या ॲसिडमधे हायपो कधीच ओतायचं नाही, क्लोरीन सुटतो, छोट्या बाथरूममधे माणूस पडतो. जो माणूस कालपर्यंत फक्त ताट देत होता त्याला हे कुणी सांगितलेलंच नसतं.

कचऱ्याच्या पिशव्यांचं पण तसंच. लाल म्हणजे सलाइनचा सेट, कॅथेटर, ग्लोव्ज. पिवळी म्हणजे रक्ताचं ड्रेसिंग, कापूस. सुया पांढऱ्या डब्यात, काचेच्या व्हायल निळ्यात. पाठ असतं सगळ्यांना. पण पिशवी छातीशी धरून न्यायची नाही, गाठीला धरून लांब धरायची, आणि वर आलेला कचरा हातानं दाबायचा नाही, हे अंगवळणी पडायला चार महिने लागतात. आमच्याकडे ज्याला सुई टोचली तो तिसऱ्या दिवशीचा नवीन मुलगा होता, मूळचा पँट्रीचा, लाल पिशवी दाबत होता आणि त्यात कुणीतरी सुई तशीच टाकलेली. त्याला वाटलं बोट पिळून रक्त काढायचं असतं. पिळायचं नाही, साबण-पाण्यानं धुवायचं आणि लगेच कॅज्युअल्टीत जायचं, एचआयव्हीची गोळी द्यायची ठरली तर शक्यतो दोन तासांत सुरू व्हावी लागते, ७२ तासांनंतर उपयोग नाही. तो पोरगा भीतीनं संध्याकाळपर्यंत बोलला नाही, नोकरी जाईल म्हणून.

२०१६ चे बायोमेडिकल वेस्टचे नियम बघा, कचरा हाताळणाऱ्या सगळ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस हॉस्पिटलनं द्यायचीय, वर्षाला तपासणी आणि ट्रेनिंग पण. कंत्राटी असला तरी. तुम्ही सगळ्यांना मल्टिस्किल केलंत की सगळेच कचरा हाताळणारे झाले. हिपॅटायटिसचे डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी. कॉन्ट्रॅक्टरची माणसं सहा महिने टिकत नाहीत, त्यामुळे तिसरा डोस कुणाचाच होत नाही, रजिस्टर उघडून बघा तुमच्याकडचं.

नाईटवाला_मामा

मी २३ वर्षं वॉर्डबॉय. आधी ११ वर्षं महापालिकेच्या हॉस्पिटलात बदलीवर, कायम कधी झालो नाही, मग खाजगीत आलो.

मल्टिस्किल आम्ही रात्री ९ नंतर रोज असतो, तेव्हा कुणी पीपीटी करत नाही. एकदा सिस्टर म्हणाली मामा तुम्ही बसूनच असता, म्हणून सलाइनच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि त्याच्यावर रेघा मारत गेलो. रात्री १० ते सकाळी ६. बेडपॅन आणि पॉट १७. कूस बदलणे ८. लॅबला सॅम्पल ६. कॅज्युअल्टीतून पेशंट वर आणणे ४. सांडलेलं पुसणे ३. नातेवाईकांचं भांडण सोडवणे २. बॉडी खाली नेणे १. एकूण ४१. सकाळी पुठ्ठा सिस्टरच्या टेबलावर ठेवून घरी गेलो. परत काही बोलली नाही, चांगली आहे ती, तिलाही माहीत नव्हतं.

पेशंट ढकलणं हे काम नाही, त्यात काय शिकायचंय असं लोकांना वाटतं. मी नवीन पोरांना पहिल्या दिवशी एवढंच सांगतो. युरोबॅग पेशंटच्या पोटावर ठेवायची नाही, खालीच लटकली पाहिजे नाहीतर लघवी उलटी जाते. छातीत नळी असेल तर ती बाटली पण खालीच. स्ट्रेचर पाय पुढे करून न्यायचा, चढ आला तर डोकं पुढे. व्हीलचेअर लिफ्टमधे उलटी घ्यायची. एवढं ज्याला येत नाही तो लाद्या कितीही चकाचक करू दे, त्याच्या ताब्यात माझा माणूस देणार नाही.

आता ताई ताटाचं म्हणाल्या ते जंतूंचं झालं. नातेवाईक जंतूंसाठी विचारत नाहीत. आमच्याकडे हाउसकीपिंगमधली एक मावशी पँट्रीत घेतली होती. सहा महिने संडासाकडे फिरकली पण नव्हती. टोपी, ग्लोव्ज, हात धुतलेले. स्पेशल रूममधून ताट परत आलं, झाकण उघडलेलं नाही. म्हणे ही ती झाडूवाली ना, दुसऱ्या कुणाला पाठवा. त्याच रूमला वॉर्डबॉय बेडपॅन उचलून पाणी द्यायचा तेव्हा कुणी काही बोललं नाही, कारण त्याचं आडनाव वेगळं. मॅनेजमेंटनं काय करावं? मावशीला परत झाडूवर पाठवली. पेशंट नाराज नको. ती नंतर एक महिना माझ्याशी सुद्धा बोलली नाही, मी काही केलं नव्हतं तरी. सांगलीकर साहेब, तुमच्याकडे असं ताट परत आलं तर सीओओ त्या रूममधे स्वतः जाऊन सांगणार का की हॉस्पिटल हेच ताट देईल? ते आधी विचारा. जाणार असतील तर करा.

आणि सरकारी, महापालिकेत हे एकत्र करायचं कुणी बोलत पण नाही, त्याला कारण आहे. सफाई कामगाराच्या जागेला लाड-पागे समितीमुळे वारसाहक्क आहे, घरातल्या एकाला नोकरी लागते. ती जागा कागदावरून गेली तर घराची नोकरी गेली. युनियन रस्त्यावर येणारच, मी पण येईन.

पगाराचं शेवटी. माझ्या स्लिपवर अकुशल लिहिलंय. २३ वर्षांनी अकुशल. पेशंट हलवायला येतं, ऑक्सिजनचा सिलिंडर बदलायला येतो, बॉडी बांधायला येते. मल्टिस्किल म्हणायचं आणि पगार अकुशलचा द्यायचा हे चालणार नाही.

पगारपत्रक

मामांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून, एचआरमधे आहे म्हणून लिहितो, लांबण लावत नाही. रुग्णालयांसाठी महाराष्ट्रात किमान वेतनात कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वेगळे दर आहेत, विशेष भत्ता वर्षातून दोनदा बदलतो. पेशंट केअरचं काम करून घेताय तर निदान अर्धकुशलमधे टाका, आत्ताच, नंतर भांडण होऊन टाकण्यापेक्षा.

दुसरं, सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. कंत्राटी माणसाला रोजचं काम सिस्टर सांगणार, रजा सिस्टर देणार, हजेरी सिस्टरकडे, मग कॉन्ट्रॅक्टर नेमकं काय करतो? कोर्टात हाच प्रश्न येतो, देखरेख आणि ताबा कुणाचा. वॉर्डवर कायम बांधलेली माणसं हवी असतील तर ती रोलवर घ्या. तुमच्या सीओओंना ४२ पण हवेत आणि ते दुसऱ्याचे पण हवेत.

केंद्र सरकारनं सहाव्या वेतन आयोगात ग्रुप डी बंद करून शिपाई, फराश, सफाईवाला, चौकीदार सगळ्यांना मल्टिटास्किंग स्टाफ केलं, पण वरच्या गटात घेऊन, ग्रुप सीमधे, १८०० ग्रेड पे. नुसतं नाव नाही बदललं.

लेस्टरची_वैनी

मी मूळची इचलकरंजीची, आता इंग्लंडात लेस्टरला, एनएचएसच्या म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य सेवेच्या हॉस्पिटलात आठ वर्षं. आधी डोमेस्टिक होते म्हणजे साफसफाई, आता वॉर्ड हाउसकीपर. धागा वाचून राहवलं नाही, रात्रीचे साडेअकरा वाजलेत इथं, उद्या ७ ची शिफ्ट आहे तरी लिहितेय.

इथं हे सगळं होऊन गेलंय. १९८३ पासून हॉस्पिटलांना साफसफाई, जेवण, लाँड्री टेंडरवर काढायला लावलं, मग वर्षानुवर्षं ओरड की वॉर्ड घाण आणि मेट्रनचं क्लीनर ऐकत नाही कारण त्याचा साहेब वेगळ्या कंपनीत. मग २००० च्या एनएचएस प्लॅनमधे ठरलं की मेट्रन परत आणायच्या आणि निम्म्या हॉस्पिटलांत तरी २००४ पर्यंत वॉर्ड हाउसकीपर ठेवायचे. माझी नोकरी त्यातलीच म्हणा ना.

मी नेमकं काय करते तर जेवणाची ऑर्डर घेते, ताट देते, कोणी खाल्लं नाही ते नर्सला सांगते, बेडच्या आजूबाजूची जागा, टेबल, पाण्याचा जग, सामान संपलं का बघते, नळ गळतोय का फॅन बंद आहे का ते फोन करून नोंदवते आणि तो माणूस येईपर्यंत त्याच्या मागं लागते. स्वतः नळ उघडत नाही हां. पेशंट न्यायला पोर्टर वेगळा. संडास डोमेस्टिक करते. म्हणजे सगळी कामं एकीकडं आलेली नाहीत, वॉर्डाची काळजी एकीकडं आलीय. मला वॉर्ड सिस्टर विचारते, बाकी कुणी नाही. तुमच्या पेजेसारखं झालं तर मी पुसते, कारण तो वॉर्ड माझा आहे, आणि मी तिथंच असते, ७ ते ३ आयसीयूत वगैरे मला कुणी पाठवत नाही.

रंगांचं इथं फार कडक, पूर्ण देशात एकच. लाल मॉप-बादली संडास-बाथरूमला, निळी वॉर्ड आणि बाकीला, हिरवी किचन आणि जेवणाच्या जागेला, पिवळी आयसोलेशनला. पहिल्या महिन्यात मी निळा फडका घेऊन किचनच्या ओट्याशी गेले तर जमेकाची एक म्हातारी सहकारीण होती, तिनं माझ्या हातातला फडका काढून सरळ बिनमधे टाकला, एक शब्द बोलली नाही. परत चुकले नाही. जेवण द्यायच्या आधी फूड हायजीन लेव्हल २ ची परीक्षा पास व्हावी लागते, आणि जेवणाच्या वेळेत वॉर्डात झाडू-मॉप फिरत नाही, डॉक्टरसुद्धा शक्यतो येत नाहीत. तुमच्याकडं नाष्टा आणि साफसफाई एकाच वेळी चालत असेल तर ती वेळ आधी सोडवा, त्याला पैसे लागत नाहीत.

मामांनी लिहिलेलं वाचून मात्र गप्प बसले. इथं माझं आडनाव कुणाला कळत नाही, हे बरं आहे. पण एकदा आपल्याकडच्याच एका पेशंटनं मला गुजराती समजून विचारलं होतं की बेन तुम्ही कोण, म्हणजे कोणातल्या. ताट हातात होतं माझ्या. मी म्हटलं मी वॉर्ड ११ मधली.

फेज_न्यूट्रल

मेंटेनन्सवाला आहे, इलेक्ट्रिकल. बारीक अक्षरातल्या स्लाइडबद्दल बोलतो.

ट्यूबलाइट वॉर्डबॉयनं बदलायची नाही. ओल्या हातानं, लोखंडी स्टुलावर, खाली ऑक्सिजन लावलेला पेशंट. वायरमनचा परवाना कशाला असतो मग. आमच्यातला मल्टिस्किल वेगळा, रात्रीच्या एकाच माणसाला डीजी (जनरेटर), लिफ्ट, मॅनिफोल्ड (जिथून ऑक्सिजन पाइपनं वॉर्डात जातो), एसी, पंप सगळं बघावं लागतं, तो तयार व्हायला मला दोन वर्षं लागतात.

वॉर्डातल्या माणसाला दुरुस्ती शिकवू नका, ओळखायला शिकवा. सॉकेट गरम लागतोय, प्लग काळा पडलाय, एक्स्टेन्शन बोर्डाला अजून एक एक्स्टेन्शन लावलंय, एसीतून जळका वास येतोय. हे त्याला दिसतं कारण तो तिथं रोज लादी पुसतो, मला महिन्यातून एकदा दिसतं. त्यानं मला फोन केला पाहिजे आणि मी त्याच्यावर खेकसलो नाही पाहिजे. मी खेकसतो म्हणून तो फोन करत नाही, हे कबूल.

ऑक्सिजनचा सिलिंडर बदलायला शिकवा पण नीट. काळी बॉडी आणि पांढरा खांदा म्हणजे ऑक्सिजन. रेग्युलेटरला तेल-ग्रीस लावायचं नाही, तेलकट हातपण नाही. मी एकाला आटे घट्ट बसतात म्हणून खोबरेल तेल लावताना पकडलंय, तेपण कौतुकानं सांगत होता मला. वॉर्डाचा गॅसचा झोन व्हॉल्व्ह, म्हणजे त्या वॉर्डाचा ऑक्सिजन बंद करायचा कॉक, कुठं आहे ते प्रत्येकाला माहीत पाहिजे, पण बंद करायचा तो सिस्टरच्या शब्दावर, आत व्हेंटिलेटरवर कोण आहे ते तिला माहीत.

आणि आग. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याला जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या युनिटला मध्यरात्रीनंतर आग लागली, १७ बाळांपैकी १० गेली, ७ वाचली. त्या वेळेला हॉस्पिटलात सीओओ नसतो, मी नसतो, फायर ऑफिसर नसतो. सिस्टर असते आणि मामा असतो. मल्टिस्किलमधे पहिलं स्किल हे लिहा, आग विझवायच्या सिलिंडरची पिन काढून खरोखर एकदा फवारायला लावा, चित्र दाखवून नाही. आणि अंधारात, लिफ्ट न वापरता, चादरीवरून पेशंट जिन्यानं खाली आणून दाखवायला सांगा. आम्ही वर्षातून दोनदा करतो, पेशंट म्हणून आमचा अकाउंटंट झोपतो, ९० किलो आहे.

सांगलीकर_८२

बाप रे, एवढं येईल वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, मामांचे जास्त.

ताईंनी सांगितल्यावर लस रजिस्टर उघडलं. ३१ कंत्राटी नावांपुढं पहिला डोस आहे, तिसरा फक्त चौघांचा. आता हे आधी कुणाला दाखवू तेच कळेना.

सीओओंशी काल बोललो. ते माणूस म्हणून वाईट नाहीत, साडेदहा जागांचं गणित कागदावर मांडलं तर दोन मिनिटं गप्प बसले, मग म्हणाले एका वॉर्डात तीन महिने करून बघू, माणसं न कमी करता. पुरुष मेडिकलच घेतोय, पेजेचा वॉर्ड. सकाळी जोडी, ताईंसारखी, दुपारी पण जोडी, रात्री एक आणि शेजारच्या सर्जिकल वॉर्डाबरोबर मिळून अजून एक, ११ ते ५ फिरता. हजेरी वॉर्ड सिस्टरकडं. ट्यूबलाइट काढून टाकली त्यातनं. या ८ जणांना अर्धकुशलचा दर द्यायचं कबूल करून घेतलंय, त्यातले कंत्राटी आहेत त्यांचं काय करायचं ते एचआर बघतो म्हणाले, म्हणजे बहुतेक बघणार नाहीत, पण मी लिहून दिलंय. नाष्टा ८ ते ८:४५ कुणी मॉप आणायचा नाही हे मात्र उद्यापासूनच सगळ्या वॉर्डांना.

ताट परत आलं तर कोण जाणार हे विचारलं. ते म्हणाले फॅसिलिटी मॅनेजर जाईल. म्हणजे मी. ठीक आहे, जातो.

आयसीएन_ताई

८ जणं कमी पडतील. सकाळी दोन, दुपारी दोन, रात्री दीड धरा, साडेपाच गुणिले ७ म्हणजे साडेअडतीस शिफ्ट, भागिले ६, साडेसहाच्या घरात येतं, रजा धरून ८ कसेबसे. दोघं एकदम आजारी पडले की जोडी मोडली. नववा मागून ठेवा, मिळाला नाही तरी मागितल्याचं रेकॉर्ड राहू दे. आणि इन्सिडंट फॉर्ममधला तो जबाबदार विभागाचा रकाना काढून टाका, त्याच्या जागी 'सर्वात आधी कुणी बघितलं' असं ठेवा.

नाईटवाला_मामा

बरं वाटलं वाचून. एक विचारतो. दोन रंगांचे टॉप देणार, म्हणजे माणशी चार तरी झाले. ते बदलायचे कुठे आणि वाळत कुठे घालायचे? आमच्याकडे चेंजिंग रूम म्हणून मॉर्च्युरीशेजारची खोली दिली होती, बायका तिथं जायच्याच नाहीत, घरून तसाच टॉप घालून बसनं यायच्या. मग ताईंचं ते आंघोळ करून वगैरे काही राहत नाही.

सांगलीकर_८२

खरंच की मामा, हे डोक्यातच आलं नव्हतं. तळमजल्याला जिन्याखाली एक रिकामी जागा आहे, दार पण आहे, तिथं लॉकर आणि दोऱ्या लावून घेतो उद्या.

फेज_न्यूट्रल

जिन्याखाली दार असलेली रिकामी जागा म्हणजे आत नक्की विजेचं पॅनेल आहे. ओले कपडे तिथं नकोत. आणि तो तुमचा आगीच्या वेळचा जिना आहे. दुसरी जागा बघा, आणि ते दार उघडून आत काय काय भरलंय त्याचा फोटो टाका.